सेकंदाला दोन ओळी

माझ्या संगणकात साडेतेरा मिनिटांचं एक ध्वनिमुद्रण आहे. कुणाला ऐकवलं तर पहिल्या अर्ध्या मिनिटातच तो हेडफोन काढून ठेवेल. सुरुवातीला नुसती खरखर. मग तिच्या तळातून एक किनरा, सलग सूर वर येतो, आणि त्या सुरावर काहीतरी ठेका धरतं. टिक-टॉक, टिक-टॉक, सेकंदाला दोनदा. पुढची बारा-तेरा मिनिटं हाच ठेका. हळूहळू पुन्हा खरखर वाढते आणि सगळं तिच्यात बुडून जातं.

हा नोआ-१९ या अमेरिकी हवामान उपग्रहाचा आवाज आहे. आवाज म्हणते खरी, पण मुळात ते चित्र आहे. पाठवण्याच्या या पद्धतीला एपीटी म्हणतात, ऑटोमॅटिक पिक्चर ट्रान्समिशन. तिची युक्ती इतकी साधी की पहिल्यांदा समजली तेव्हा मला खरंच वाटेना. २४०० हर्ट्झचा एक सूर घ्यायचा. खाली पांढरा ढग दिसत असेल तर तो मोठ्यानं वाजवायचा, काळा समुद्र दिसत असेल तर हळू. तो सूर १३७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या एफएम लहरीवर बसवायचा आणि खाली सोडून द्यायचा. एका ओळीला अर्धा सेकंद, आणि त्या ओळीत २०८० ठिपके. आधी ३९ ठिपक्यांची खूण, त्यात काळे-पांढरे सात पट्टे. हीच ती ‘टिक’. मग ४७ ठिपके रित्या अवकाशाचे, ९०९ ठिपके पृथ्वीचे, ४५ ठिपके मोजमापाचे. झाले १०४०. उरलेल्या १०४० ठिपक्यांत तीच पृथ्वी दुसऱ्या तरंगलांबीत, म्हणजे दिवसा सहसा एका बाजूला सूर्यप्रकाशातली आणि दुसऱ्या बाजूला उष्णतेची. दुसऱ्या चित्राची सुरुवातीची खूण थोड्या खालच्या सुरात असते, ८३२ हर्ट्झच्या; पहिलीची १०४०. म्हणून कानाला एक ‘टिक’ आणि एक ‘टॉक’ ऐकू येतं.

हे मुद्रण केलं तेव्हा मी गच्चीवर उभी होते. अँटेना म्हणजे अॅल्युमिनियमच्या दोन नळ्या, प्रत्येकी साधारण ५३ सेंटिमीटरची, एकमेकींशी १२० अंशांचा कोन करून आडव्या धरलेल्या. उपग्रह सुमारे साडेआठशे किलोमीटर उंचीवरून जात होता. क्षितिजावर उगवतो तेव्हा तो तिरक्या रेषेत सुमारे ३४०० किलोमीटर लांब असतो. त्याच्या प्रक्षेपकाची ताकद पाच वॉट, घरातल्या छोट्या एलईडी दिव्याइतकी. तेवढ्या दिव्याच्या जोरावर तो त्या दोन नळ्यांपर्यंत एका अख्ख्या वादळाचं चित्र पोचवत होता.

त्याच्या किती तरी आधीचं माझं अगदी पहिलं चित्र तिरकं आलं होतं. ढग दिसत होते, किनारा ओळखू येत होता, पण सगळं एका अंगाला घसरलेलं, भिंतीवरची चौकट एका खिळ्यावर लोंबकळावी तसं. उपग्रह फिरतो म्हणून असं होत असणार, असं मी धरून चालले. खरं कारण माझ्याच टेबलावर होतं. संगणकातलं साउंड कार्ड सेकंदाला जेवढे नमुने घ्यायला हवेत त्याहून किंचित कमी घेत होतं. चूक वीस हजारांत एक, एवढीशी. पण साडेतेरा मिनिटांत तेहेतीस लाखांहून जास्त ठिपके उतरतात, आणि शेवटच्या ओळीपर्यंत ती चूक १६८ ठिपक्यांवर जाते. म्हणजे पृथ्वीची डावी कड हळूहळू सरकत दोन बोटं आत आली. त्यावरचा उपाय त्या ओळीतच ठेवलेला होता. ‘टिक’ शोधायची, तिथून ओळ सुरू करायची, पुढची ‘टिक’ आली की पुन्हा नवी ओळ. सॉफ्टवेअरला तेवढं करायला सांगितलं आणि किनारा सरळ उभा राहिला. आपल्या घड्याळावर विसंबू नका, माझं वापरा, असं तो उपग्रह प्रत्येक अर्ध्या सेकंदाला सांगत होता आणि मी त्याला ठेका समजत होते.

गच्चीवरच्या त्या पासच्या, म्हणजे उपग्रह डोक्यावरून जाण्याच्या, वेळी माझा भाचा सोबत होता. पडद्यावर ओळीमागून ओळ उतरताना पाहून त्यानं विचारलं, “आत्या, हे त्यानं आपल्याला पाठवलं?”

मी ‘हो’ म्हणाले. मग म्हणाले, “आपल्यालाच असं नाही रे. जो ऐकेल त्याला.”

“मग त्याला कसं कळलं की आपल्याकडे एवढंच सामान आहे?”

तो त्या दोन नळ्यांकडे बघत होता. त्या प्रश्नानं मला एपीटीचा इतिहास पुन्हा मुळापासून वाचायला लावलं, आणि मी आजवर तो उलट्या बाजूनं वाचत होते हे लक्षात आलं.

पहिला हवामान उपग्रह टायरॉस-१, १ एप्रिल १९६० ला सुटला. दूरचित्रवाणीचे कॅमेरे होते, चित्रं चुंबकीय फितीवर साठवायची आणि अमेरिकेतल्या मोजक्या केंद्रांवरून उपग्रह जाताना ती उतरवून घ्यायची. तिथले तज्ज्ञ चित्रं बघून ढगांचे नकाशे हातानं काढायचे आणि ते नकाशे फॅक्सनं इतरांकडे जायचे. ज्याच्या डोक्यावर ढग, त्याला आपल्या ढगांची बातमी दुसऱ्या कुणाच्या हातून, काही तासांनी मिळायची. १९६१ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं अवकाशातून मिळणारी हवामानाची माहिती सगळ्या देशांच्या कामी यावी असा ठराव केला. त्यातूनच पुढे जागतिक हवामान संघटनेचा वर्ल्ड वेदर वॉच हा कार्यक्रम उभा राहिला. पण ठराव वाचून चित्र दिसत नाही. चित्र दिसायला २१ डिसेंबर १९६३ उजाडावा लागला. त्या दिवशी सुटलेल्या टायरॉस-८ वर एपीटीची पहिली चाचणी झाली, आणि फेब्रुवारी १९६६ मध्ये एसा-२ या उपग्रहापासून ही सेवा नियमित झाली. आता उपग्रह जाईल तिथे, जाताजाता, खाली असेल त्याला चित्र देत जाऊ लागला.

खाली असेल त्याच्याकडे काय असेल? ज्यांनी हा फॉरमॅट आखला त्यांनी बहुधा सगळ्यात आधी हाच प्रश्न विचारला असावा. त्या काळी हवामान केंद्रांत नकाशे घेण्यासाठी फॅक्सची यंत्रं असत, आणि त्यांना असाच कमी-जास्त होणारा सूर समजायचा. तेव्हा उपग्रहानं तसाच सूर काढायचा. मोठी, फिरवता येणारी डिश प्रत्येकाकडे नसणार. म्हणून साध्या अँटेनाला पुरेल अशी १३७ मेगाहर्ट्झची लहर.

याची सर्वांत हलवून टाकणारी खूण मला एका तांत्रिक तपशिलात सापडली. १९७८ च्या टायरॉस-एन पासून पुढच्या उपग्रहांवर एव्हीएचआरआर नावाचं उपकरण होतं. फिरणाऱ्या आरशानं ते खालची जमीन आडवी झाडून घेतं, सेकंदाला सहा वेळा, दोन्ही बाजूंना पंचावन्न अंशांहून थोडं पुढेपर्यंत. पण पृथ्वी गोल. नाकासमोर खाली पाहिलं तर एका ठिपक्यात सव्वा किलोमीटरही मावत नाही, आणि कडेला नजर तिरकी पडते तिथे तोच ठिपका कितीतरी पसरतो. तसंच पाठवलं तर चित्राच्या कडा चेपलेल्या दिसतात. त्या चेपलेल्या कडा सरळ करायला गणित लागतं, आणि खालच्या फॅक्स यंत्राला गणित येत नाही. मग ते गणित उपग्रहानं वरच केलं. सहातल्या दोनच ओळी घ्यायच्या, मधले ठिपके जास्त प्रमाणात एकत्र करायचे, कडेचे कमी, म्हणजे सगळीकडे साधारण चार किलोमीटरला एक ठिपका पडेल आणि कागदावर उतरलेलं चित्र तसंच्या तसं नकाशाशेजारी ठेवता येईल. एकीकडे हेच उपकरण खूप बारीक चित्र काढत होतं, आणि दुसरीकडे मुद्दाम ते जाडंभरडं करून, कडा सारख्या करून, ज्याच्याकडे काही नाही त्याच्यासाठी वेगळं वाढून ठेवत होतं.

मोजमापाच्या त्या ४५ ठिपक्यांतही हीच काळजी आहे. चित्राच्या कडेला राखाडी रंगाच्या चौकटींची एक उभी पट्टी दिसते. नवखा माणूस ती कापून टाकतो, मीही टाकायचे. एकेक चौकट आठ ओळींची, अशा सोळा, मिळून १२८ ओळी, म्हणजे ६४ सेकंद, आणि मग पुन्हा पहिलीपासून. पहिल्या आठ चौकटी म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या आठ पायऱ्या. तुमच्या रिसीव्हरनं रंग फिकट केले असतील, आवाज कुठे दबला असेल, तर या पायऱ्यांवरून तुम्ही ते जुळवून घ्यायचं. नववी शून्याची. पुढच्या काही चौकटींत उपकरणाच्या आतल्या संदर्भ-तापमानाच्या नोंदी, ज्यांच्या आधारे उष्णतेच्या चित्रातल्या राखाडीवरून ढगाच्या माथ्याचं तापमान काढता येतं. आणि सोळावी चौकट सांगते की हे चित्र कुठल्या तरंगलांबीतलं, म्हणजे कुठल्या वाहिनीतलं आहे; तिचा रंग पहिल्या पायऱ्यांतल्या ज्या पायरीशी जुळेल, तो त्या वाहिनीचा क्रमांक. अक्षर नाही, अंक नाही. डोळ्यांनी दोन राखाडी रंग जुळवता येणाऱ्या कुणालाही वाचता येईल अशी चिठ्ठी. पहिल्यांदा ती जुळवून ‘चौथी वाहिनी’ असं मी पुटपुटले, तेव्हा हातात पत्र पडल्यासारखं वाटलं.

ते बारीक चित्रही उपग्रह पाठवत होताच, एचआरपीटी नावाच्या वेगळ्या प्रवाहात. १.७ गिगाहर्ट्झच्या आसपास, सेकंदाला ६,६५,४०० बिट. आरशाच्या एका फेरीचा एक गठ्ठा, त्यात दहा-दहा बिटांचे ११,०९० शब्द, सेकंदाला असे सहा गठ्ठे. गुणाकार करून बघावा, आकडा तंतोतंत जमतो. पाच वाहिन्या, सव्वा किलोमीटरच्या आतला तपशील. पण त्यासाठी डिश हवी आणि ती पंधरा मिनिटं उपग्रहामागे फिरवायला हवी. मी हातानं फिरवून पाहिली आहे. नजर सिग्नलच्या पट्टीवर, मनगट भरून आलेलं, आणि मान वर केली तर आकाशात अर्थातच काही दिसत नाही.

आता एलआरपीटीबद्दल. इथे मला थोडं थांबावं लागेल, कारण या फॉरमॅटशी माझं आधी जुळलं नाही आणि आता त्याच्याबद्दल मनापासून आदर आहे.

एपीटीच्या जागी यायचं म्हणून ही अंकीय पद्धत आखली गेली. युरोपच्या मेटॉप-ए उपग्रहावर, २००६ साली, ती होती. पण तिच्या प्रक्षेपकाचा त्याच उपग्रहावरच्या दुसऱ्या एका उपकरणाला त्रास होऊ लागला आणि ती बंद करावी लागली. रशियाच्या मेटिओर-एम मालिकेनं ती खरोखर चालवून दाखवली. लहर तीच, १३७ मेगाहर्ट्झची. अँटेना तीच, माझ्या दोन नळ्या. पण तपशील एक किलोमीटरचा आणि एकाच वेळी तीन वाहिन्या. तेवढ्याच अरुंद वाटेतून इतकं जास्त कसं निघतं?

एक तर चित्र आवळलेलं असतं, फोटोंच्या जेपीईजीसारखं, आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करून. १५६८ ठिपक्यांच्या रुंदीत असे १९६ चौकोन. पण आवळलेल्या माहितीतला एक बिट जरी फिरला तरी अख्खा पट्टा नासतो, म्हणून तिला दोन चिलखतं घातलेली असतात. आतलं चिलखत रीड आणि सॉलोमन यांनी १९६० साली मांडलेल्या गणिताचं. २२३ बाइट माहितीला ३२ बाइट जोड द्यायची, मग त्यांतले कुठलेही १६ बाइट बिघडले तरी मूळ माहिती जशीच्या तशी परत मिळवता येते. असे चार संच घेऊन त्यांचे बाइट एकाआड एक ओवतात, चार सरांतले मणी आळीपाळीनं एकाच दोऱ्यात ओवावेत तसे. म्हणजे सलग ६४ बाइटांचा घास कुणी घेतला तरी एकेका सराचे सोळाच मणी जातात, आणि सोळा परत मिळवता येतात. बाहेरचं चिलखत आणखी वेगळं. प्रत्येक बिटाऐवजी दोन बिट पाठवायचे, आणि ते दोन ठरवताना आधीच्या सहा बिटांचाही हात लावायचा. फोनवर आवाज तुटत असताना आपण गळलेला शब्द मागच्या-पुढच्या शब्दांवरून ओळखतो. व्हिटर्बी यांनी १९६७ साली मांडलेली रीत तेच करते, फक्त सगळ्या शक्यतांचा हिशेब ठेवून, त्यांतली सर्वांत पटण्याजोगी वाट निवडून. हे सगळं १०२४ बाइटांच्या एकेका चौकटीत बसतं, आणि चौकटीच्या माथ्यावर चार बाइटांची ठरलेली खूण असते. ती या पद्धतीची ‘टिक’. कानाला मात्र ती ऐकू येत नाही.

कानाला काहीच ऐकू येत नाही, हेच सुरुवातीला मला सोसेना. मेटिओरचा पास ऐकला तर सपाट खरखर, अवकाशातल्या गोंगाटाहून वेगळी न वाटणारी. पडद्यावर ठिपक्यांचा एक धूसर गोळा दिसतो. उपग्रह वर चढतो तसा तो गोळा विरळ होतो आणि चार कोपऱ्यांत चार ढीग जमू लागतात. ढीग एकमेकांपासून सुटले की सॉफ्टवेअर एकदम कुलूप उघडल्यासारखं चालू होतं आणि निष्कलंक, काचेसारखं स्वच्छ चित्र उतरतं. एकही डाग नाही. एका पासच्या मध्यावर अँटेनाची तार सरळ करावी म्हणून मी तिला नुसता हात लावला. चार ढीग एकमेकांत मिसळले आणि चित्रात काळी पट्टी पडली. त्या पट्टीत काय होतं ते मला कधीच कळणार नाही. एपीटीत हाच हात लागला असता तर तेवढ्या ओळींवर खरखरीचा बर्फ पडला असता, आणि बर्फातूनही ढगाचा आकार कळला असता.

मी तेव्हा रागानं लिहून ठेवलं होतं की जुनं दयाळू होतं आणि नवं कठोर आहे. आज मला ते अन्यायाचं वाटतं. ज्यांनी दोन चिलखतं घातली, मणी एकाआड एक ओवले, त्यांनीही खालच्या माणसाचाच विचार केला होता. पाठवलेल्या बिटांतले निम्म्याहून जास्त केवळ माझ्या अँटेनाच्या उणिवा भरून काढण्यासाठी खर्ची पडतात. फरक इतकाच की एपीटीनं धरलं होतं, खाली माणसाचे डोळे आणि कान असतील, उरलेलं ते बघून घेतील. एलआरपीटीनं धरलं, खाली संगणक असेल. आणि आज तो खरोखरच सगळीकडे आहे.

त्याच्या पुढच्या पद्धतींनी मात्र हे धरणंच सोडून दिलं असं मला वाटतं, आणि याचं वाईट वाटतं. नोआ-२० आणि त्याच्या मालिकेतले उपग्रह ७.८ गिगाहर्ट्झवर सेकंदाला दीड कोटी बिट सोडतात. अप्रतिम माहिती, पण ती घ्यायला मोठी, आपोआप उपग्रहाचा माग काढणारी डिश लागते. १३७ मेगाहर्ट्झवर त्यांचं काहीच नाही. भूस्थिर उपग्रहांत अमेरिकेच्या गोज मालिकेनं अजून दोन ताटं मांडली आहेत, एक सेकंदाला ३.१ कोटी बिटांचं आणि एक एचआरआयटी नावाच्या पद्धतीचं, चार लाखांचं, जे मीटरभराच्या स्थिर डिशनंही घेता येतं. जपानच्या हिमावरी-८ वर तर थेट लोकांसाठीचं प्रसारणच नाही. चित्रं आधी जमिनीवर येतात आणि मग इंटरनेटवरून किंवा दुसऱ्याच एका दळणवळण उपग्रहावरून वाटली जातात. सोय खूप आहे. पण ज्याच्यावर वादळ येतं त्याची वीज, तारा, इंटरनेट हे सगळं वादळच आधी नेतं, आणि तेव्हाही वरून जाणाऱ्या उपग्रहाला खालच्या दोन नळ्यांशी परस्पर बोलता यायला हवं, असं मला फार तीव्रतेनं वाटतं.

२०२५ साली ते बोलणं एका बाजूनं संपलं. ६ जूनला नोआ-१८ सेवेतून गेला. १३ ऑगस्टला नोआ-१९, आणि त्यानंतर सहाच दिवसांनी सर्वांत वडीलधारा नोआ-१५, ज्यानं १९९८ च्या मे महिन्यापासून सत्तावीस वर्षं काम केलं. नोआ-१९ ची तर सुरुवातच पडण्यानं झाली होती. बांधणी चालू असताना, सप्टेंबर २००३ मध्ये, ज्या फिरत्या ठेवणीवर त्याला बसवलं होतं तिथले चोवीस बोल्ट काढून घेतलेले होते हे कुणाच्या लक्षात आलं नाही आणि तो जमिनीवर आपटला. दुरुस्त करून २००९ च्या फेब्रुवारीत त्याला वर पाठवलं. त्यानंतर सोळा वर्षं तो ओळी सोडत राहिला. एपीटी पाठवणारा नोआचा एकही उपग्रह आता उरलेला नाही.

मी अजून गच्चीवर जाते. नोआ-१८ जिथे बोलायचा त्या १३७.९१२५ मेगाहर्ट्झपासून जेमतेम साडेबारा किलोहर्ट्झ अलीकडे, १३७.९ वर, मेटिओर ऐकू येतो. रिसीव्हरचा काटा फारसा हलवावासुद्धा लागत नाही. चार ढीग जमतात, चित्र उतरतं, पट्टी पडली तर पडते. भाचा आता मोठा झाला आहे, व्हिटर्बीचं गणित तो माझ्याहून चांगलं समजावतो.

तरी कधीतरी रात्री ते साडेतेरा मिनिटांचं मुद्रण लावते. मधला भाग पाठ आहे, तो पुढे सारते आणि शेवटची चाळीस सेकंद ऐकते. उपग्रह क्षितिजाकडे उतरतोय, खरखर चढते आहे, पडद्यावर त्या ओळी केव्हाच पांढऱ्या झाल्या आहेत आणि सॉफ्टवेअरनंही हात टेकले आहेत. कानाला मात्र ठेका माहीत आहे, त्यामुळे खरखरीच्या आतून तो आणखी थोडा वेळ जाणवत राहतो. मग एक टिक ऐकू येते. मग ऐकू आली असं वाटतं. शेवटची नेमकी कुठली, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.